शिवणाच्या गुंडाळी-किटची खालची कड शिवताना सुई तुटते, मदत हवी आहे

शिवणाचं सामान खिशांत ठेवून गुंडाळायचं हे किट उघडल्यावर ४५ × २४ सेंमी. बाहेरून जाड सुती कापड, आत सुती अस्तर, मध्ये पातळ बुकरम (कडकपणासाठीचं कापड). खिशांची पट्टी ५३ × ३० सेंमी, उंचीत दुमडून १५. रुंदीतले जास्तीचे ८ सेंमी चुण्यांसाठी: बॉबिन आणि मेझरिंग टेप सपाट खिशात बसतच नाहीत, म्हणून त्या दोन खिशांना दोन्ही बाजूंनी १-१ सेंमीची चुणी (एका चुणीत २ सेंमी कापड जातं). कात्री, सीम रिपर (टाके उसवायचं हत्यार), खडू यांचे खिसे साधेच.

अडचण खालच्या कडेला आहे. बाहेरचं कापड, बुकरम, अस्तर मिळून तीन थर, चुणीपाशी खिशांच्या दुहेरी पट्टीचे तीनपदरी होऊन सहा, वर कडेला लावायच्या ४ सेंमी पट्टीच्या पायपिंगचे चार. एकूण तेरा! साध्या पायमशीनवर १६ नंबरची सुई तिथेच टाके सोडते किंवा मोडते. १८ नंबर जाते, पण अस्तरावर भोकं दिसतात.

बुकरम कडेपासून १ सेंमी आत कापलं, चाक हाताने फिरवलं. तरी थर बाराच. खिशांची पट्टी एकेरी घेऊन वरची कड दुमडली तर चुणीपाशी तीन थर वाचतील, पण कात्रीचं टोक एकेरी कापडातून बाहेर येईल ना? की चुण्या काढून खाली कोपऱ्यात डार्ट (निमुळत्या शिवलेल्या चिमट्या) घ्यावेत? कुणी केलंय का?

आणखी एक. किटमधल्या सुया टोचून ठेवायच्या पानाला अ‍ॅक्रिलिक फेल्ट नको, भोकं सैल होऊन सुया घसरतात. नागपुरात गांधीबाग, इतवारी किंवा सीताबर्डीत पातळ लोकरी कापडाचा वीतभर तुकडा कुठे मिळेल? अख्खा मीटर नकोय.