डच लोकांच्या सेमिनरीत प्राध्यापकाला सही कशाची करायला लावतात?

मिरजकर
नमस्कार मंडळी. वान्लेस हॉस्पिटलच्या परिसरातच वाढलो त्यामुळे मिशनचा इतिहास वाचायचा नाद आहे. सध्या अमेरिकेत गेलेल्या डच लोकांच्या सेमिनरीबद्दल (म्हणजे पाळक घडवणाऱ्या शाळेबद्दल) वाचतोय, ग्रँड रॅपिड्सची, आत्ताची कॅल्विन सेमिनरी. तिथं प्राध्यापकाची पदस्थापना उपासनेत होते आणि चर्चची श्रद्धा मांडणाऱ्या कागदावर त्याला सही करावी लागते म्हणे. आपल्याकडं कॉलेजात नवीन सर आले की ऑर्डर घ्यायची, जॉइन व्हायचं, विषय संपला. मग तिथं एवढं का?

कृष्णाकाठ_सांगली
दादा, कारण तिथं प्राध्यापक हा मंडळीचा, म्हणजे चर्चचा माणूस, नुसता नोकरदार नाही. ही सेमिनरी सुरू झाली तीच मुळी एका माणसाच्या पदस्थापनेनं, १५ मार्च १८७६ ला गीर्ट बोअर नावाच्या पाळकांना नेमलं तो दिवस सेमिनरीचा स्थापनादिन धरतात. एका शाळेच्या माडीवर वर्ग भरायचे आणि शिकवायला हे एकटेच. अशा ठिकाणी तो माणूस काय शिकवणार हे मंडळीला आधी कळायला नको का, पुढचे सगळे पाळक त्याच्याच हाताखालून जाणार होते!

सातारची_लेक
सहीचं सांगते. बेल्जिक कन्फेशन (श्रद्धेची कबुली), हायडेलबर्ग कॅटेकिझम (श्रद्धेची प्रश्नोत्तरी) आणि डॉर्टचे नियम (डॉर्ट इथल्या चर्चसभेनं ठरवलेली शिकवण), या त्यांच्या चर्चच्या तिन्ही कागदांना मान्यता द्यायची असते. कॅटेकिझम १५६३ चा, डॉर्टची सभा १६१८-१९ ची. पण मला खरं महत्त्वाचं वाटतं ते पुढचं कलम, उद्या मनात शंका आली तर ती परस्पर वर्गात शिकवायची नाही, आधी मंडळीच्या सभेपुढं मांडायची.

मिरजकर
ताई, मग अभ्यासू माणसाची घुसमट नाही का होणार?

सातारची_लेक
होत असेलही, नाही म्हणत नाही. पण धर्मशास्त्राचे अभ्यासक गेरहार्डस व्हॉस बघा, याच सेमिनरीत शिकले, मग प्रिन्स्टन, बर्लिन, स्ट्रासबुर्गला डॉक्टरेट, आणि १८८८ ला परत इथंच शिकवायला आले. १८९३ ला प्रिन्स्टनला गेले पण तोवर डच भाषेत अख्खं धर्मसिद्धांताचं शिक्षण देऊन गेले. त्या चौकटीत राहूनच एवढं काम उभं राहिलं. आपल्या मंडळीच्या वडीलजनांनी पाळक नेमताना एवढ्या स्पष्टपणे विचारलं तर मला आवडेल.

कृष्णाकाठ_सांगली
सहमत. आणि विचारायचं तर नेमणुकीआधी विचारा, नंतर पंचांच्या मीटिंगमध्ये भांडण नको.

मिरजकर
धन्यवाद दोघांना. रविवारी तरुण संघात मी हाच विषय घेतोय.