मुलांकडे परदेशी मुक्काम: मंगळवारच्या दुपारी काय करता?

माझे आई-बाबा येत्या उन्हाळ्यात पहिल्यांदाच आमच्याकडे अमेरिकेत येतायत, चांगले सहा महिने. नायगारा कधी बघावा, लास वेगासला किती रात्री राहावं हे सांगणारे पुष्कळ भेटले. मला मंगळवारच्या दुपारबद्दल ऐकायचंय. आम्ही दोघं कामावर, पोरगी शाळेत, त्यांना इथे गाडी चालवता येत नाही आणि घरात ते दोघंच. तुम्ही जाऊन राहिला असाल तर तुमचं लिहा. आईवडील येऊन राहिले असतील तर तुमच्या बाजूचंही लिहा. फोडणी दिली आणि धुराचा अलार्म वाजला, हा किस्सा प्रत्येकाकडे आहे. तो वाजला असं धरून पुढचं सांगा.

डोंबिवली – न्यू जर्सी

मी रेल्वेतून निवृत्त. आयुष्यभर घड्याळावर जगलो, त्यामुळे मुलाच्या घरी सकाळी आठला सगळे बाहेर पडले की पुढचा दिवस अंगावर यायचा. फिरायला निघालो तर फूटपाथ दोन वळणांनंतर गायब. मग सूनबाईने लायब्ररी दाखवली. चालत वीस मिनिटं. आत ऊब, स्वच्छ बाथरूम, वर्तमानपत्रं, आणि आठवड्यातून एकदा इंग्रजी बोलण्याचा फुकट वर्ग. मला इंग्रजी येतं, तरी बसायचो. कोलंबियाच्या एक बाई आणि कोरियाचे एक आजोबा तिथेच भेटले. दोघेही आमच्यासारखेच, नातवंडांसाठी आलेले.

उन्हाळ्यात कॉम्प्लेक्सच्या बागेत आमचा कट्टा जमला. एक तेलुगू इंजिनिअर, दोन गुजराती, एक सरदारजी. भाषा हिंदी, प्रत्येकाची वेगळी. विषय तीन: शुगर, मुलाचं ग्रीन कार्ड आणि भारतातला बंद फ्लॅट. सुनांबद्दल बोलायचं नाही असा नियम होता, तो रोज मोडला जायचा. शनिवारी ओक ट्री रोडला भाजी आणायला जायचो. तिथे शेपू, गवार, अळू सगळं मिळतं. भाव रुपयांत करायचा नाही, असा दम सौ.ने विमानातच भरला होता.

तुमच्या बाबांना एक सांगा. भारतातला मोबाइल नंबर निघण्याआधी रोमिंगवर चालू करून घ्या. बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येतो. ओटीपी नाही तर स्वतःचेच पैसे परके.

नाशिक – मिनियापोलिस

मी मुलीच्या बाळंतपणाला गेले होते, जानेवारीत. बाहेर उणे वीस. त्यामुळे मंगळवार काय आणि रविवार काय, आम्ही घरातच.

दवाखान्यात नर्सने बाळंतिणीच्या हातात बर्फाचं पाणी दिलं. मी थर्मासमधलं गरम पाणी पुढे केलं. लेकीने दोन्ही ग्लासांकडे पाहिलं आणि बर्फाचं पाणी प्यायली. तिथेच मला पुढच्या दिवसांचा अंदाज आला.

मी जुन्या मऊ साडीची मोहरीची उशी शिवून नेली होती. आमच्याकडे सगळ्या पोरांची डोकी त्याच उशीवर गोल झाली. इथे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं: बाळ उताणं निजवायचं, गादी कडक, पाळण्यात उशी नाही, पांघरूण नाही, खेळणंसुद्धा नाही. झोपेत श्वास कोंडून बाळं दगावतात, त्यासाठी. मध एक वर्षापर्यंत नाही, कारण त्यातल्या जंतूंचं विष तान्ह्याला बाधतं. गुटी नाही, काजळ नाही, सहा महिने वरचं पाणीही नाही. मी म्हटलं, "अगं, मग तू कशी वाढलीस?" यावर ती रडायलाच लागली. बाळंतिणीला रडवल्यावर वाद कोण जिंकलं याला अर्थ राहत नाही. जावईबापूंनी शांतपणे दवाखान्याचा कागद वाचून दाखवला. मध आणि उशीचं मला पटलं. वरच्या पाण्याचं पटायला वेळ लागला.

तेल लावायला मात्र डॉक्टरांची हरकत नव्हती. ते खातं माझं. शिवाय डिंकाचे लाडू, खारीक-खोबरं, रात्रीचं दूध. शेगडी अर्थातच नाही, धुरी तर विचारूच नका. शेकायला विजेची पिशवी. मोहरीची उशी मी मायक्रोवेव्हमध्ये जराशी गरम करून स्वतःच्या मानेखाली घ्यायला लागले, फार छान शेक बसतो.

मी निघाले त्याच आठवड्यात विहीणबाई आल्या. आम्ही एकमेकींना विमानतळावरच भेटलो. मी त्यांना बाळाच्या झोपेच्या वेळा, मसाल्याच्या डब्यांची जागा आणि "उशीचा विषय काढू नका" हे सांगितलं. त्यांनीही एक आणली होतीच.

म्युनिक (मुलगी)

शेंगेन व्हिसावर (युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक व्हिसा) १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं, म्हणून आई-बाबांचा सहा महिन्यांचा प्रश्नच येत नाही. ३०,००० युरोंचा विमाही व्हिसासाठी लागतोच. बाबांना इथे काय आवडलं असेल? रिकाम्या बाटल्या. पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटलीवर २५ सेंट अनामत असते आणि दुकानातल्या मशीनमध्ये बाटली टाकली की तेवढ्याची चिठ्ठी मिळते. बाबा रोज सकाळी पिशवी घेऊन निघायचे आणि त्या पैशांचा ब्रेड आणायचे. शेजारच्या बाटल्यांवरही त्यांचा डोळा होता. रविवारी दुकानं बंद, काचेच्या बाटल्या डब्यात टाकायलाही बंदी (आवाज होतो म्हणून!). त्या दिवशी ते कासावीस व्हायचे.

दुबई

फराळ नेत असाल तर अनारसे खसखशीशिवाय करा. अमिरातीत खसखस बंदी असलेल्या मालात मोडते, भाजून वाटून घातली तरी. आमच्या आईने तीळ लावून केले. अनारशाला तीळ, यावर मामा अजून बोलतात.

ऑकलंड

लोणचं, पापड, तूप, चटणी, जे काही असेल ते उतरताना फॉर्मवर लिहा. लिहिलं आणि चाललं नाही तर वस्तू जाते. लपवलं आणि सापडलं तर जागेवर ४०० न्यूझीलंड डॉलर दंड. बाबांना हे तीनदा सांगूनही खिशात ओल्या हळदीचा तुकडा होताच, आईने तो विमानातच खायला लावला.

इचलकरंजी – ब्रॅम्प्टन

मालक गेल्यावर थोरल्यानं कॅनडाचा सुपर व्हिसा काढला, आईबापांसाठी असतो तो. एका खेपेला पाच वर्षं राहता येतं म्हणे. एक लाख डॉलरचा विमाही त्यानंच भरला. पोरगा चांगला, सून चांगली, घर उबदार. मी वर्षाच्या आत परत आले.

लोक विचारतात काय झालं. काहीच झालं नाही. पण हातात पैसा नव्हता. म्हणजे मागितला असता तर दिला असता, हो. पण कोथिंबीर आणायलाबी मागायचं? गावात माझी पेन्शन, माझी भिशी, माझी किल्ली. शेवटी शेवटी नातवानं बसचं प्रेस्टो कार्ड आणून दिलं, त्यात वीस डॉलर भरले आणि गुरुद्वाऱ्याच्या बसचा नंबर शिकवला. मी एकटी जाऊन लंगरला पोळ्या लाटून आले. तिथं कुणी माझी भाषा बोलत नव्हतं, पण लाटणं हातात मिळालं. ते कार्ड पहिल्याच आठवड्यात दिलं असतं तर कदाचित आणखी राहिले असते. आईबापाच्या हातात थोडे पैसे आणि घराची किल्ली आल्या दिवशी द्या.

सॅन होजे (सून)

मी घरून काम करते, सासूबाई घरी. माझ्या मीटिंगमध्ये चहा यायचा, तोही प्रेमाने. दाराला लाल ओढणी बांधली असेल तर आत यायचं नाही, हे ठरल्यावर सुटलो. गुरुवारी स्वयंपाकघर पूर्ण त्यांचं, मी विचारतसुद्धा नाही.

विम्याबद्दल: स्वस्त पॉलिसीत प्रत्येक उपचाराला ठरावीकच रक्कम मिळते आणि इथली बिलं तिच्या कितीतरी पुढे जातात. जुना बीपी किंवा मधुमेह सहसा त्यात धरलेला नसतो. ती पानं नीट वाचा. सासऱ्यांच्या साध्या तापासाठी एकदा थेट इमर्जन्सीत गेलो, ते बिल अजून डोळ्यांसमोर आहे. अशा वेळी 'अर्जंट केअर' (किरकोळ आजारांचा दवाखाना) गाठायचं. औषधं मूळ वेष्टनात, चिठ्ठीसकट आणि हातातल्या बॅगेत. खोबऱ्याच्या वाट्या मोठ्या बॅगेत भरू नका. खोबरं तेलकट, पेट घेऊ शकतं, म्हणून विमानतळावर काढायला लावतात.

(धागा काढणारी)

किल्लीची आणि कार्डाची सोय आजच करते. डोंबिवलीकर काका, बाबांना पेन्शन आहे आणि ते नोव्हेंबरात इथेच असतील. हयातीच्या दाखल्याचं तुम्ही काय केलंत?

डोंबिवली – न्यू जर्सी

नोव्हेंबरात भारतीय वकिलात यासाठी गावोगावी शिबिरं भरवते. मुलाने तारीख शोधली, मी पासपोर्ट आणि पेन्शनचे कागद घेऊन गेलो. रांगेत बँकवाले, पोस्टवाले, बेस्टचे, एक जण चक्क कल्याण यार्डातले निघाले, आमच्याच बॅचचे! फोनवर चेहरा दाखवून 'जीवन प्रमाण' काढायची सोयही आहे, पण ती पहिल्यांदा इथे येऊन वापरायला जाऊ नका, भारतात असतानाच एकदा वापरून बघा. शिबिराला लवकर जा. मी दहाला पोचलो तर माझ्यापुढे निदान साठ जण हयात होते.