स्पायरलायझर कुठला घ्यावा? आणि दुधीच्या शेवयांऐवजी अर्धे चंद्रच का पडतात?

दोडक्याची_शीर:
दोन माणसांच्या स्वयंपाकासाठी स्पायरलायझर, म्हणजे भाजीचे शेवयांसारखे लांब धागे कापणारं यंत्र, घ्यायचाय. एक प्रकार पेन्सिलच्या शार्पनरसारखा, हातात धरून भाजी फिरवायची. दुसरा ओट्याला चिकटणारा, हँडलचा. भाज्या म्हणजे दुधी, गाजर, काकडी, कधीमधी बीट. हातातल्या प्रकारावर दुधीचे अर्धचंद्राकृती तुकडेच पडतात, आणि परतताना कढईत पाण्याचं तळं होतं. दोष यंत्राचा की दुधीचा?

पाती_आणि_पातं:
अर्धा दोष दुधीचा, अर्धा कापण्याचा. लांब धागा हवा तर अख्ख्या फेरीत पातं भाजीला लागून राहायला हवं. भाजी वाकडी असली किंवा मध्य सोडून बसली की पातं एकाच बाजूला लागतं आणि तुकडा सुटतो. म्हणून सरळ भाग निवडा आणि दोन्ही टोकं काटकोनात, सपाट कापा. तुकडा १०-१२ सेंमी लांब, ४ ते ६ सेंमी जाड असला की सोपं जातं. ३ सेंमीपेक्षा बारीक गाजराच्या नादी लागू नका, निम्मं गाजर मधे न कापता उरणाऱ्या दांड्यातच जातं.

दुधी कोवळाच घ्या, सालीत नख सहज रुतलं पाहिजे. जून दुधीचा बियांभोवतीचा गर कापसासारखा असतो. त्याचा धागा होत नाही, भुगा होतो. लांब दुधीत देठाकडच्या भागात बिया कमी असतात, तो यंत्राला, बाकीचा भाजीला.

घेताना हँडलचाच घ्या. हातातला गाजर-काकडीपुरता ठीक, पण बीट फिरवताना मनगट भरून येतं. शेवटचा ३-४ सेंमी तुकडा बोटांनी ढकलू नका, सोबत येणारी काटेरी टोपी त्यासाठीच असते.

ओटेकरी:
हँडलवाल्याचे रबरी पाय गुळगुळीत ग्रॅनाइटवर घट्ट बसतात. खरबरीत कडप्प्यावर किंवा टाइलच्या सांध्यावर हवा शिरते आणि यंत्र सरकतं. बसवण्याआधी ओल्या फडक्याने ओटा पुसा, किंचित ओल राहू द्या.

दुसरं म्हणजे जोर. कापायचं काम फिरवण्याने होतं, रेटण्याने नव्हे. कच्चं बीट जोरात रेटलं की हँडलकडचे भाजी धरणारे काटे आत भोक कोरतात आणि हँडल नुसतं फिरत राहतं, बीट जागेवरच. तसं झालं तर काढा, टोकाची १ सेंमी चकती उडवा आणि काटे ताज्या जागी रोवा.

फोडणी_आधी:
पाण्याबद्दल. ३०० ग्रॅम शेवयांना पाव चमचा मीठ चोळून १० मिनिटं चाळणीत ठेवा, मग फडक्यात हलके दाबा. चक्क्यासारखं पिळू नका, तुटतात. पसरट कढई, मोठा गॅस, फोडणीवर दोनच मिनिटं, झाकण नाही. गाजराला ४ मिनिटं. वरून मीठ घालण्याआधी चव बघा, आधीचं मीठ आहेच. दाण्याचं कूट अगदी शेवटी, उरलेलं पाणी तेच शोषतं.

बटाटा करणार असाल तर धागे गार पाण्यातून दोनदा काढून कोरडे पुसा. स्टार्च राहिला तर तळताना गोळा होतो.

विळीवाले:
कोशिंबिरीसाठी मात्र हा खटाटोप कशाला? लांब धाग्यांचा गुंता होतो आणि दही सगळीकडे लागत नाही. किसणी किंवा बारीक दात्यांचं सोलाणं पुरेसं. केलंच तर ढिगावर कात्री फिरवून १५ सेंमीचे तुकडे करा. आणि वांग्याचा प्रयत्न कुणी करू नये.

दोडक्याची_शीर:
हँडलचा नक्की केला. बीट-गाजराचे डाग कसे काढायचे? पात्याला धार लावता येते का?

पाती_आणि_पातं:
बीटचा रंग पाण्यात उतरतो, लगेच गार पाण्याखाली धरा. गाजराचा तेलात उतरतो: डागावर थोडं तेल चोळा, मग साबण. कडकडीत पाणी नको, प्लास्टिक वाकतं. जुना टूथब्रश पात्याच्या पाठीकडून धारेकडे न्या. उलट नेलात तर ब्रशचे केस कापले जातात, आणि कधी बोटही.

धार घरी लागत नाही. धाग्यांच्या कडा फाटल्यासारख्या दिसू लागल्या आणि नेहमीपेक्षा जास्त पाणी सुटायला लागलं की पातं बोथट झालंय. म्हणून सुटं पातं मिळतं का, हे यंत्र घेतानाच विचारून ठेवा.