मदत हवी आहे: थर्माकोलच्या सर्फबोर्डची धूळ कशी आवरू?

मांद्रेत, भाड्याच्या घराच्या पडवीत सहा फुटी सर्फबोर्ड घडवतोय. ठोकळा थर्माकोलचा, त्यावर फायबरग्लास आणि इपॉक्सी (सुकून कडक होणारं रेझिन) बसेल. (पॉलिएस्टर रेझिन थर्माकोल विरघळवतं, म्हणून ते बाद.)

ढोबळ आकार गरम तारेने कापला, तोवर ठीक होतं. इलेक्ट्रिक रंधा लावला आणि पांढरे दाणे हाताच्या केसांना, पडद्याला, कुत्र्याच्या पाठीला चिकटले. झाडू मारला की उडून परत तिथेच.

२१ लिटरचा व्हॅक्यूम रंध्याला जोडून पाहिला. तोंडं जुळेनात, मग सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली. पाच मिनिटांत फिल्टर बुजला, वर पाइपला हात लावला की स्थिर विजेचा चटका बसतो. पाण्याचा फवारा मारला तर दाणे बसतात, पण पेन्सिलच्या खुणाही पुसट होतात. उघड्यावर नको, शेजाऱ्यांची विहीर जवळ आहे. दोन फिल्टरांचा मास्क वापरतोच. भिंतीला भोक पाडायला मालक तयार नाहीत आणि खर्च ६,००० रुपयांच्या आत हवा.

व्हॅक्यूमच्या आधी बादलीवरचा सायक्लोन (हवा गोल फिरवून धूळ बादलीत पाडणारं नरसाळं) बसवला तर इतके हलके दाणे खाली बसतात, की सरळ फिल्टरकडेच जातात? चटक्यांसाठी तांब्याची तार पाइपच्या आतून घालायची की बाहेरून गुंडाळायची, आणि अर्थिंग कुठे द्यायचं? पुढे इपॉक्सी पक्कं झाल्यावर काचेच्या तंतूंची धूळ याच व्हॅक्यूमने ओढू, की सँडर बाजूला ठेवून पाणी लावून हातानेच घासू?