गॅलऱ्या बंद करण्याआधी

सचिव: सर्व सभासदांना नमस्कार. गॅलऱ्यांना ॲल्युमिनियमच्या सरकत्या काचा बसवण्याचा प्रस्ताव रविवारच्या सभेत मांडला जाणार आहे. सर्व इमारतीचे काम एकदम दिल्यास दर कमी पडेल, असे ठेकेदाराचे म्हणणे आहे. आपली मते कृपया येथे नोंदवावीत.

फ्लॅट ४०२: माझा या प्रस्तावाला विरोध आहे आणि त्याची कारणे थोडी सविस्तर लिहीत आहे. आपली इमारत बांधली गेली तेव्हा जुळे सोलापुरात मोकळे माळ होते आणि वारा चारही बाजूंनी येत असे. आता शेजारी इमारती उभ्या राहिल्या, पण मे महिन्यातले बेचाळीस-त्रेचाळीस अंशांचे ऊन मात्र आपल्या गच्चीवर आणि पश्चिमेच्या भिंतीवर पूर्वीइतकेच पडते. मेच्या दुसऱ्या आठवड्यात सोलापुरात सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर येतो, त्यामुळे सर्वांत जास्त उष्णता स्लॅब पितो. आणि तीननंतर सूर्य कलला की खिडकीवरच्या दीड-दोन फुटी छज्ज्याखालून ऊन सरळ आत शिरते. आमच्या पश्चिमेच्या खोलीत रात्री दहा वाजता भिंतीला टेकवलेले लोखंडी कपाट उघडले, तर आतल्या साड्या नुकत्या इस्त्री केल्यासारख्या गरम लागतात.

उत्तर कसब्यातल्या जुन्या वाड्यांत जाड भिंती, वर मातीचे माळवद आणि मध्ये चौक असे. आपण तशा भिंती आता बांधू शकत नाही. परंतु ऊन भिंतीपर्यंत पोहोचण्याआधीच अडवायचे, ही त्या घरांतली दुसरी युक्ती आपल्याकडे आजही आहे, आणि ती म्हणजे आपली गॅलरी. गॅलरीमुळे हॉलच्या दारावर आणि आतल्या भिंतीवर सावली राहते. तिथे काच लावली की ऊन आत येईल आणि आतच कोंडले जाईल. शिवाय दोन पट्ट्यांची सरकती खिडकी कितीही उघडली तरी जागा निम्मीच मोकळी होते.

कूलरचाही विचार करावा. आपली हवा कोरडी असल्याने कूलर येथे उत्तम चालतो, मात्र त्याने आत ढकललेल्या हवेला समोरून बाहेर पडायला वाट लागते. ती वाट नसेल तर तासाभरात खोली दमट होते आणि अंग चिकटू लागते. बहुतेक घरांत ही वाट गॅलरीच्या दारातूनच आहे.

फ्लॅट २०३: तुमचे म्हणणे पटते, तथापि आमची अडचण वेगळी आहे. एका बेडरूमच्या घरात आम्ही पाच जण राहतो आणि मुलीला बारावीच्या अभ्यासासाठी स्वतंत्र कोपरा हवा आहे. धूळही फार येते. गॅलरी बंद केल्याशिवाय ती जागा वापरता येत नाही.

फ्लॅट ४०२: ताई, आपली गरज अगदी रास्त आहे. काचेऐवजी झिलमिलीची, म्हणजे कलवता येणाऱ्या आडव्या पट्ट्यांची, लाकडी किंवा ॲल्युमिनियमची दारे बसवावीत आणि कठड्याच्या आतून भिंतीला दुमडणारे टेबल लावावे. पट्ट्या खाली कलवल्या की ऊन व बरीचशी धूळ अडते, वारा मात्र चालू राहतो. अर्थात वादळी दिवसांत थोडी धूळ येणारच, हे मी नाकारत नाही. यालाही महापालिकेची परवानगी लागते का, हे सचिवांनी आधी विचारून घ्यावे.

फ्लॅट ४०१: गच्चीवर माती टाकून बाग केली तर वरच्या मजल्याला गारवा मिळेल, असे सुचवावेसे वाटते.

फ्लॅट १०१ (निवृत्त अभियंता): कृपया तसे करू नये. वावरायच्या गच्चीसाठी साधारणपणे दर चौरस मीटरला दीडशे किलोचा वापरभार (माणसे व सामान यांचे वजन) धरतात, आणि फूटभर ओली मातीच तेवढ्या जागेत पाचशे किलोंच्या पुढे जाते. इमारतीला तीस वर्षे उलटली असल्याने गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (नमुना नियमांप्रमाणे) दर तीन वर्षांनी संरचनात्मक तपासणी करणे आवश्यक आहे. ती राहिली आहे, म्हणून पहिला खर्च तिच्यावर व्हावा. गच्चीचा कोबा काळवंडला आहे. भेगा भरून, गच्ची घासून, गाळलेल्या चुन्याचे दोन हात फेब्रुवारीअखेर दिल्यास ऊन परावर्तित होते आणि स्लॅबवर भारही येत नाही. पावसात चुना धुऊन जातो, त्यामुळे हे काम दरवर्षी करावे लागेल.

पश्चिमेच्या खिडक्यांना आतून जाड पडदे लावण्यापेक्षा बाहेरून चिक (बांबूच्या काड्यांचा पडदा) किंवा शेतातल्या शेडनेटसारखी जाळी लावावी, आणि ती भिंतीपासून वीतभर पुढे असावी, म्हणजे मधली तापलेली हवा वर निघून जाईल. पडद्यापर्यंत आलेले ऊन काचेतून आधीच घरात आलेले असते.

फ्लॅट २०३: झिलमिलीचा दर मागवून घ्यावा, अशी विनंती. काचेपेक्षा फार महाग नसेल तर आमची तयारी आहे.

सचिव: काचांचा प्रस्ताव तूर्त मागे ठेवत आहे. रविवारच्या सभेत तीन विषय घेऊ: संरचनात्मक तपासणी, गच्चीला चुना, आणि पश्चिमेच्या आठ खिडक्यांना बाहेरून जाळी. झिलमिलीचे दर आणि परवानगीची माहिती सभेपूर्वी येथे कळवतो.

फ्लॅट ४०२: जाळी प्रथम आमच्या खिडकीला लावून पाहावी, तिचा खर्च मी देईन. शेजारच्या खिडकीला काही लावू नये, म्हणजे दोन्ही खोल्यांत रात्री दहाला तापमापक ठेवून फरक सर्वांना पाहता येईल.