टिटवीच्या अंड्यांवरून पेरणी ठरवावी का? मदत हवी आहे

मंडळी, उत्तर सोलापुरात आमची कोरडवाहू जमीन आहे. यंदा टिटवीनं ओढ्याकाठ सोडून उंच बांधावर अंडी घातलीत. आबा म्हणतात, पाऊस दाबून येणार, उडीद पेरून टाक. चातकाचं मला पटतं. तो आफ्रिकेतून मोसमी वाऱ्यांबरोबरच येतो. मुंग्यांना हवेतला दमटपणा कळत असेल, पण तो फार तर उद्या-परवाचा अंदाज. टिटवीला अख्ख्या हंगामाचं कसं कळणार? त्यात आपला पर्जन्यछायेचा भाग, मृगात शिडकावा करून पाऊस पुष्कळदा ओढ देतो. नान्नज, हिप्परगा भागात कुणी अंड्यांची जागा आणि नंतरचा पाऊस अशी वर्षवार नोंद ठेवली आहे का? दुबार पेरणी परवडणार नाही, आणि आबांना नुसतं ‘नाही’ म्हणून भागत नाही.