स्पॉइल्स सिस्टीमला मराठीत ‘लूट पद्धती’ कशाला म्हणायचं?

प्रश्न : लोकप्रशासनाच्या गाइडमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांच्या धड्यात ‘लूट पद्धती’ असा शब्द आलाय. लूट म्हटलं की मला तिजोरी फोडणारे दिसतात, पण इथे तर निवडून आलेल्या पक्षाने जुने नोकर काढायचे आणि आपली माणसं भरायची एवढाच मामला आहे. दुसरा बरा शब्द नाही का?

भटक्या : लूट बरोबर आहे हो, फक्त ती लढाईतली. न्यूयॉर्कचे सिनेटर विल्यम मार्सी १८३२ साली सिनेटमध्ये बोलले की जिंकेल त्याची शत्रूची लूट, यात आम्हाला काही वावगं दिसत नाही. तेव्हा जॅक्सनच्या गोटातल्या व्हॅन ब्यूरेन यांची लंडनमधले राजदूत म्हणून नेमणूक मंजूर करायची की नाही यावर हमरीतुमरी चालली होती, आणि उपाध्यक्ष कॅलहूननी निर्णायक मत विरोधात टाकून ती नेमणूक पाडली. जॅक्सन स्वतः मात्र याला साळसूदपणे ‘रोटेशन’ म्हणायचे, म्हणजे सरकारी काम इतकं सोपं आहे की कुणीही शहाणा माणूस ते शिकेल, मग त्याच त्याच लोकांनी खुर्ची का अडवायची, असं.

सदूभाऊ : आपल्याकडे ‘वर्णी लागणे’ आहे की. महामंडळावर वर्णी लागली म्हटलं की सगळ्यांना कळतं.

भटक्या : सदूभाऊ, पण वर्णी लागते ती बहुतेक रिकाम्या जागेवर. इथे आधीच्याची उचलबांगडी हा अर्धा अर्थ आहे, तो राहतो ना.

कोकणी मिरची : मग ‘खिरापत’? पदांची खिरापत वाटली वगैरे पेपरात येतंच.

भटक्या : खिरापत फुकट असते हो 😀 इथे नोकरी मिळाली की पगारातला काही हिस्सा पक्षाला द्यावा लागायचा, नाही दिला तर घरी बसा. न्यूयॉर्कचं कस्टम हाउस सगळ्यात मलईदार, जकातीचा पैसा तिथेच यायचा ना. तिथे जॅक्सननी नेमलेला सॅम्युअल स्वार्टवाउट बारा लाख डॉलरच्या वर पैसे खाऊन १८३८ मध्ये युरोपात पळाला, म्हणजे तुमची तिजोरीवाली लूटही झालीच शेवटी.

प्रश्नकर्ता : अरे बापरे. मग हे थांबलं कसं?

भटक्या : पूर्ण थांबलं नाही, पण धक्का बसला तो चार्ल्स गिटोमुळे. या माणसाने गारफिल्डसाठी एक भाषण लिहिलं होतं आणि त्याला वाटायचं की अध्यक्ष आपल्यामुळेच निवडून आले, म्हणून पॅरिसची कॉन्सलगिरी (वाणिज्य दूताचं पद) मागत हा दारोदार फिरत राहिला, कोणी दाद देईना, तेव्हा २ जुलै १८८१ला वॉशिंग्टनच्या रेल्वे स्टेशनवर त्याने गारफिल्डनाच गोळ्या घातल्या. ते १९ सप्टेंबरला गेले. मग अध्यक्ष झाले चेस्टर आर्थर, म्हणजे त्याच कस्टम हाउसचे माजी कलेक्टर (मुख्य जकात अधिकारी), ज्यांना तेव्हाचे अध्यक्ष हेज यांनी १८७८ मध्ये तिथून काढलं होतं, आणि गंमत बघा, जानेवारी १८८३ मध्ये पेंडल्टन कायद्यावर सही त्यांनीच केली! परीक्षा घेऊन नोकरी, आणि पक्षाला पैसे दिले नाहीत म्हणून काढायचं नाही. सुरुवातीला मात्र केंद्राच्या जेमतेम दहा टक्के नोकऱ्यांनाच तो लागू होता.

कोकणी मिरची : मग ‘पदलूट’ म्हणा ना, लूटही राहील आणि कशाची तेही कळेल.

सदूभाऊ : पदलूट चांगलाय. पण परीक्षेत ‘लूट पद्धती’च लिहा, तपासणाऱ्याकडेही तेच गाइड असतं.